गोल्फ कार्टला एसी मोटर घ्यावी का डीसी? सातारा-पाचगणी भागातून नेहमी येणारे प्रश्न

आमचं काम बॅटरीवरच्या गाड्यांचं, वर्कशॉप साताऱ्यात. पाचगणी-महाबळेश्वरची रिसॉर्ट, भिलारकडचे स्ट्रॉबेरीचे मळे जिथं पर्यटक फिरवतात, हायवेवरची लॉन्स, कऱ्हाड-मिरजेकडचे कॉलेज आणि हॉस्पिटलचे कॅम्पस, सगळीकडून फोनवर तेच तेच प्रश्न येतात आणि फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. सगळ्यात आधी एक सांगून टाकतो, एसी भारी आणि डीसी जुनाट असं सरसकट काही नसतं, तुमच्या जागेला चढ किती आणि गाडीत माणसं किती यावर सगळं ठरतं.

एसी मोटर म्हणजे घरच्या लाईटवर चालणारी का? मग बॅटरी कशाला?

नाही हो. बॅटरी दोन्हींत असतेच आणि बॅटरी कायम डीसीच देते. एसी गाडीत कंट्रोलर त्या ४८ व्होल्ट डीसीचं थ्री फेज करतो आणि ते मोटरला देतो. मोटर म्हणजे आपल्या विहिरीवर, उसाला पाणी देणारी जी थ्री फेज मोटर असते ना, त्याच जातीची, इंडक्शन. फरक इतकाच की हिचं वायंडिंग कमी व्होल्टेजचं, त्यामुळं वायर जाड आणि करंट शेकड्यात. आणि पंपाची मोटर ५० हर्ट्झवर एकाच स्पीडला फिरत राहते, इथं कंट्रोलर शून्यापासून शंभर-सव्वाशे हर्ट्झपर्यंत पाहिजे तशी फ्रिक्वेन्सी देतो आणि त्यावर गाडीचा स्पीड ठरतो.

मग आधीपासूनच एसी का नाही बसवली कंपन्यांनी?

मोटर तेव्हाही होती, टेस्लाची पेटंट १८८८ ची आहेत. पण बॅटरीवरून ती चालवायला जो कंट्रोलर लागतो तो परवडेल अशा किमतीत आणि सीटखाली मावेल अशा आकारात यायला फार वर्षं गेली. ई-झेड-गो १९५४ ची, क्लब कार १९५८ ची, या कंपन्यांनी अनेक दशकं डीसीच लावली. ई-झेड-गोची आरएक्सव्ही २००८ मध्ये एसी मोटर घेऊन आली, नंतर बाकीचेही हळूहळू तिकडं वळले. त्यामुळं आपल्याकडं सेकंडहँडमध्ये ज्या गाड्या फिरतायत त्यात डीसी भरपूर आहेत आणि अजून बरीच वर्षं राहतील.

माझ्या गाडीत कोणती मोटर आहे हे कसं ओळखायचं?

मागच्या अ‍ॅक्सलला चिकटलेली मोटर बघा आणि वायरी मोजा. चार जाड वायरी, नट-बोल्टवर ए१ ए२ एस१ एस२ असं लिहिलेलं, तर सिरीज डीसी. दोन जाड आणि दोन बारीक, ए१ ए२ आणि एफ१ एफ२, तर सेपेक्स म्हणतात ती डीसी, म्हणजे फील्डला (बाहेरच्या स्थिर कॉइलला) करंट वेगळा. तीन जाड वायरी यू व्ही डब्ल्यू आणि शेजारी एक छोटा कनेक्टर, तर एसी. (बीएलडीसी म्हणजे चुंबकवाली बिनब्रशची मोटर, तिलाही तीन जाड वायरीच असतात, त्याबद्दल खाली लिहिलंय.) वायर चाचपायच्या आधी गाडी बंद करा, बॅटरीची मेन वायर काढा, बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. ४८ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही म्हणून लोक बिनधास्त हात घालतात, पण दोन टर्मिनलमध्ये अंगठी अडकली तर ती लाल होईपर्यंत करंट जातो आणि बोट भाजून निघतं.

सिरीज आणि सेपेक्स, दोन्ही डीसीच ना, मग फरक काय?

फार मोठा फरक आहे, आणि खरं सांगायचं तर एसी-डीसी वादापेक्षा हा फरक समजून घेणं जास्त गरजेचं.

सिरीजमध्ये आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आणि फील्ड एका मागोमाग, एकच करंट दोन्हीतून जातो. त्यामुळं सुटताना टॉर्क जबरदस्त, लोड भरलेली गाडी जागची उचलते. पण उतारावर ती मोकळी सुटते, मोटर काही रोखून धरत नाही, सगळं ब्रेकवर. रिव्हर्स करायला फील्डची दिशा उलटवावी लागते, ते काम गाडी पुढं-मागं करायचा मोठा खटका करतो ज्यातून पूर्ण करंट जातो, आणि ड्रायव्हर लोक गाडी पूर्ण थांबायच्या आत खटका ओढतात, आत ठिणगी पडते आणि तांब्याचे कॉन्टॅक्ट जळून काळे होतात. सिरीजच्या गाडीत आमच्याकडं येणाऱ्या तक्रारीत हा खटका आणि सोलेनॉइड (बॅटरीचा मेन करंट जोडणारा रिले) सगळ्यात वर.

सेपेक्समध्ये कंट्रोलर फील्ड वेगळं सांभाळतो, म्हणून टॉप स्पीड बांधून ठेवता येतो, उतारावर मोटरच जनरेटर होऊन गाडी आवरते, रिव्हर्सचं बटण हलकं असतं. सपाट किंवा थोड्या चढाच्या जागेला चांगल्या अवस्थेतली सेपेक्स गाडी मिळत असेल तर ती बिनदिक्कत घ्या.

आमच्याकडं चढ आहे. किती चढ म्हणजे जास्त?

अंदाजाने सांगू नका, मोजा. गवंड्याकडं पाण्याची लेव्हलची नळी असते, ती घ्या, रस्त्यावर दहा मीटर अंतर धरा आणि दोन टोकांत उंचीचा फरक किती येतो बघा. एक मीटर आला तर दहा टक्के चढ. अर्धा मीटर तर पाच टक्के. आणि सगळ्यात उभा तुकडा मोजा, पूर्ण रस्त्याची सरासरी काढून उपयोग नाही, गाडी अडते ती त्या एका वळणावरच.

आता हिशोब बघा. सहा सीटची गाडी, बॅटरीसकट साधारण ६०० किलो, त्यात सहा माणसं आणि सामान, म्हणजे हजार किलो धरा. सपाटीवर ताशी १२ किलोमीटरने चालवायला चाकांवर साधारण साडेसहाशे वॅट लागतात, बॅटरीतून अठरा-वीस अँपिअर. तीच गाडी त्याच स्पीडने दहा टक्के चढावर घातली की चाकांवर जवळपास चार किलोवॅट लागतात, मोटर-गिअरमधला लॉस धरून बॅटरीतून शंभर अँपिअरच्या वर. म्हणजे पाचपट. आणि हे सलग चढतानाचं, सुटतानाचा झटका यात धरलेला नाही. पाचगणी-महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शन वर आणि कॉटेज खाली दरीच्या बाजूला असा प्रकार बऱ्याच ठिकाणी आहे, तिथं हे दिवसभर चालतं, चेक-आउटच्या वेळी तर बॅगांसकट सलग फेऱ्या.

म्हणून आमचं मत असं, पाच टक्क्यांच्या आत सेपेक्स डीसी चालते. पाच ते दहाच्या मध्ये आणि फेऱ्या भरपूर असतील तर एसी घ्या. दहाच्या वर, सहा सीट, तर एसीच, आणि तीही मोठी, शिवाय इलेक्ट्रोमॅग्नेटिक पार्किंग ब्रेक (करंट गेला की आपोआप लागणारा) असलेली.

चढावर डीसी मोटर जळते म्हणजे नेमकं काय होतं?

हे एकदा आतून बघितलं की ड्रायव्हरला शिकवणं सोपं जातं. मोटर उघडली की आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा गोल दिसतो, तो कम्युटेटर, त्यावर कार्बन ब्रश घासत असतात. तब्येत चांगली असेल तर त्याचा रंग सगळीकडं एकसारखा चॉकलेटी आणि हात फिरवला तर गुळगुळीत. काही वेळा उघडल्यावर दिसतं की बाकी सगळ्या पट्ट्या बऱ्या आहेत आणि समोरासमोरच्या मोजक्या पट्ट्याच काळ्या पडून खचल्यात, कडा वितळल्यात. याचा अर्थ सरळ आहे, ड्रायव्हरने गाडी चढावर उभी केली आणि ब्रेक न दाबता पेडलवर पाय ठेवून ती जागेवर तोलून धरली. पाहुणे फोटो काढतायत, पाच मिनिटं, दहा मिनिटं. मोटर फिरत नाही, करंट मात्र चालू, आणि तो सगळा ब्रशखाली आलेल्या त्याच पट्ट्यांतून जातो. एकदा खड्डा पडला की प्रत्येक फेरीला ब्रश तिथं आपटतो, ठिणगी पडते, ब्रश भरभर झिजतो आणि मग एक दिवस जळका वास.

खड्डा उथळ असेल तर लेथवर कम्युटेटर हलका फिरवून, पट्ट्यांमधला मायका खाली कापून, नवे ब्रश टाकून मोटर परत उभी राहते. खोल असेल तर आर्मेचर गेलं.

एसीत ब्रश आणि कम्युटेटर हा भागच नाही, त्यामुळं हा आजारही नाही. शिवाय मोटरमध्ये टेम्परेचर सेन्सर असतो, गरम झाली की कंट्रोलर स्वतःहून ताकद कमी करतो. ड्रायव्हर म्हणतो गाडी ढिली पडली, पण ती वाचलेली असते. तरीही चढावर थांबायचं तर ब्रेकवरच थांबायचं, एसी असो की डीसी.

उतारावर बॅटरी चार्ज होते हे खरं का?

होते, पण सेल्समन सांगतो तेवढी नाही. हजार किलोची गाडी शंभर मीटर उंची उतरली तर त्यात सगळी मिळून ऊर्जा पाव युनिटच्या थोडी वर, म्हणजे साधारण पावणेतीनशे वॅट-अवर. त्यातून टायरचं घर्षण, गिअर, मोटर, कंट्रोलर, बॅटरी यांचा वाटा गेला की हातात फार तर दीडशे वॅट-अवर. तोच दहा टक्क्यांचा एक किलोमीटर चढायला चारशेच्या वर खर्च झालेले असतात. म्हणजे तिसरा हिस्सा परत, तोही चांगल्या परिस्थितीत.

मला विचाराल तर रिजनचं (मोटर जनरेटर होऊन गाडी आवरते आणि वीज परत भरते त्याचं) खरं मोल बॅटरीत नाहीये, ब्रेकमध्ये आहे. बहुतेक गोल्फ कार्टला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, साधे ड्रमवाले, केबलने ओढले जाणारे. भरलेली गाडी दिवसभर त्यावर उतरवली की लायनर गरम होऊन पकड सोडतात, आणि सिरीज गाडीत दुसरं काहीच रोखायला नसतं. एसीत पेडलवरचा पाय काढला की गाडी आपोआप आवरते आणि ठरवून दिलेल्या स्पीडच्या पुढं जात नाही. आत माणसं बसलेली असतात, लहान पोरं असतात, मागच्या तोंडाच्या सीटवर म्हातारी माणसं असतात, माझ्या दृष्टीनं चढ-उताराच्या जागेला एसी घेण्याचं हे एक कारण बाकी सगळ्या कारणांपेक्षा मोठं आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. चार्जिंग पॉइंट वरच्या टोकाला असेल आणि बॅटरी फुल्ल भरून सकाळी पहिलीच फेरी खाली असेल, तर त्या बॅटरीत आणखी चार्ज घ्यायला जागा नसते. व्होल्टेज चढतं, कंट्रोलर रिजन कमी करतो, लिथियम असेल तर बीएमएस (बॅटरीचं संरक्षण करणारं सर्किट) करंट तोडू पण शकतं, आणि रोज हळू उतरणारी गाडी त्या दिवशी वेगानं उतरायला लागते. चार्जर काही टक्के आधी थांबेल असा सेट करून घ्या नाहीतर चार्जिंग खालच्या टोकाला न्या.

दादा, एसी टाकली की रेंज डबल होते म्हणतात?

नाही. चांगली ब्रशवाली डीसी पंचाहत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास एफिशियन्सी देते, एसी पंच्याऐंशीच्या पुढं-मागं. म्हणजे खर्च साधारण दहा टक्क्यांनी कमी, चढ-उतार असेल तर रिजनचं थोडं वर. रेंज डबल झाल्याच्या ज्या गोष्टी ऐकता त्यात बहुतेकदा मोटरबरोबर जुन्या लेड-अ‍ॅसिड काढून लिथियम टाकलेली असते, काम बॅटरीनं केलेलं असतं आणि कौतुक मोटरचं होतं.

म्हणून गाडी ढिली पडली की आधी बॅटरी तपासा. गाडी चढावर घाला आणि प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज लोडवर असताना बघा, उभ्या गाडीवर बघून काही कळत नाही. सहा बॅटऱ्या आठ-आठ व्होल्टच्या असतील आणि त्यातली एकच लोडवर सहाच्या खाली घसरत असेल तर दोष तिथं आहे. केबलचे लग हाताला गरम लागतायत का तेही बघा. मोटर बदलायला निघालेली गाडी नुसत्या बॅटरी आणि केबलवर सुधारते, हे आम्ही नेहमी बघतो.

जुन्या डीसी गाडीला एसी बसवता येते का?

येते, पण नुसती मोटर बदलून नाही. कंट्रोलर पूर्ण वेगळा, हार्नेस (वायरिंगचा जुडगा) वेगळा, बहुतेक वेळा थ्रॉटल (पेडलचा सेन्सर) पण, आणि केबल जाड, ३५ स्क्वेअर एमएमच्या खाली मी तरी जात नाही. मोटरचा स्प्लाइन तुमच्या अ‍ॅक्सलच्या इनपुट शाफ्टला बसला पाहिजे, दाते मोजून मगच ऑर्डर द्या. बॅटरी ४८ व्होल्टची आणि धड असेल तर ती आणि चार्जर दोन्ही राहतात. गाडी ३६ व्होल्टची असेल तर मात्र बॅटरी, चार्जर सगळंच बदलायला लागतं आणि मग खर्चाचा मेळ सहसा बसत नाही, त्यापेक्षा ती गाडी विकून एसीची घ्या.

बसवताना एक गोष्ट. थ्री फेजमध्ये कुठल्याही दोन वायरी उलटसुलट केल्या की दिशा बदलते हे वायरमनला माहीत असतं, आणि गाडी उलटी पळाली की तो तेच करतो. इथं तसं केलं तर एन्कोडर (मोटर किती आणि कुठल्या दिशेनं फिरतेय ते सांगणारा सेन्सर) एक दिशा सांगतो आणि मोटर दुसरीकडं फिरते, गाडी नुसती थरथरते, झटके देते. ड्रॉइंगप्रमाणं जोडा आणि दिशा कंट्रोलरच्या सेटिंगमधून बदला. पहिली ट्रायल मागची चाकं जॅकवर उचलून, पुढच्या चाकांना पुढं-मागं दगड लावून.

डीसी मोटर दुरुस्त करून आली, टेबलवर चालवून बघू का?

सिरीज असेल तर ४८ व्होल्टवर अजिबात नाही. लोड नसताना सिरीज मोटरचा स्पीड चढतच जातो, थांबत नाही, आणि आर्मेचरचं वायंडिंग फेकलं जाऊन मोटर फुटू शकते. बारा व्होल्टच्या एकाच बॅटरीवर, मोटर नीट बांधून, क्षणभर फिरवून बघायची, बस्स.

इथं दुरुस्तीला सोपी कोणती?

डीसी. साताऱ्यात, कऱ्हाडात, मिरज-कुपवाडकडं स्टार्टर-डायनामोचं आणि मोटर वायंडिंगचं काम करणारे जुने हात आहेत, ब्रश, बेअरिंग, आर्मेचर ही कामं इथल्या इथं होतात. एसीची मोटर स्वतः सहसा बिघडतच नाही, बिघडलं तर बेअरिंग किंवा एन्कोडर. पण कंट्रोलर गेला तर तो सीलबंद असतो, बदलायचाच, आणि यायला दिवस लागतात. सीझनमध्ये गाडी उभी राहणं परवडत नसेल तर तीन-चार गाड्यांच्या मागं एक जादा कंट्रोलर आणि एक एन्कोडर स्टॉकला ठेवा. एसी गाडी बंद पडली की फोन करायच्या आधी कंट्रोलरवरचा एलईडी किती वेळा लुकलुकतोय त्याचा व्हिडिओ काढा, त्यावरून फॉल्ट कोड कळतो आणि अर्ध्या वेळेला आम्ही फोनवरच कनेक्टर सांगू शकतो.

बीएलडीसी, ई-रिक्षावाली, स्वस्तात मिळते. ती चालेल?

बीएलडीसी वाईट नाही, चुंबकवाली मोटर, एफिशियन्सी चांगली. पण ई-रिक्षाची मोटर सपाट गावासाठी आणि एक-दीड किलोवॅटच्या हिशोबानं केलेली असते. वरचा चार किलोवॅटचा हिशोब परत बघा. चढावर ती तापत राहते आणि जास्त तापली की चुंबकाची ताकद कमी होते, जी परत येत नाही. सपाट लॉनला, चार सीटला ठीक.

पावसाळ्याचं काय? महाबळेश्वरला पाऊस म्हणजे पाऊस असतो.

वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि त्याबरोबर तांबडा चिखल. डीसी मोटरला हवेसाठी फटी असतात, त्यातून ओल जाते, आतली कार्बनची धूळ भिजून चिकटते आणि तिथून करंट बॉडीला गळतो. पावसाळा संपला की ब्रशचं झाकण काढून कोरड्या हवेनं साफ करा, मेगरनं इन्सुलेशन तपासा. एसीची मोटर बहुतेक बंद असते पण सगळ्याच सारख्या नसतात, आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती रोखते त्याचा आकडा) विचारा. तिचं दुखणं म्हणजे एन्कोडरचा कनेक्टर, पिना गंजल्या की गाडी झटके द्यायला लागते. आणि प्रेशर वॉशर मोटर-कंट्रोलरवर मारू नका, कुठल्याच गाडीत.

गाड्या जून ते सप्टेंबर उभ्या राहणार असतील तर लेड-अ‍ॅसिड बॅटरी दर महिन्याला पूर्ण चार्ज करा. मोटर कुठली का असेना, ऑक्टोबरात गाडी चालू होत नाही ती बहुतेक वेळा हे चार्जिंग न केल्यामुळंच.

बंद पडलेली गाडी ओढून नेताना?

सेपेक्स आणि एसीला सीटखाली टो-रनचा स्विच असतो, तो टोवर करा. तो रनवर ठेवून ओढली की मोटर जनरेटर होते, गाडी अडते आणि कंट्रोलरवर ताण येतो. इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेकवाली गाडी करंट गेला की आपोआप लॉक होते, चढावर ती गोष्ट चांगलीच आहे, पण ओढायच्या आधी ब्रेक सोडवायची सोय कुठं आहे ते ड्रायव्हरला दाखवून ठेवा.

ही गाडी रस्त्यावर चालवू का? रिसॉर्टपासून मार्केटपर्यंतच.

नको. ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मोटर ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी असेल तरच नियमात सूट आहे, गोल्फ कार्टची मोटर त्याच्या दहापट-वीसपट असते. पासिंग नसलेली गाडी स्वतःच्या आवारातच. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारणार.

कोटेशन मागताना काय विचारू?

मोटरचे किलोवॅट विचारले की सगळे मोठा आकडा सांगतात. तो सलग किती मिनिटांचा ते विचारा. नेमप्लेटवर एस२ ६० मिनिट असं लिहिलेलं असतं, म्हणजे तेवढी ताकद तासभर देऊ शकते, तो आकडा धरायचा, पीकचा नाही. कंट्रोलर किती अँपिअरचा, आणि प्रोग्रामिंग कोण करणार, त्याचा हँडसेट त्यांच्याकडं आहे का. किमतीत हार्नेस, केबल, थ्रॉटल, एन्कोडर धरलेत का वेगळे. डेमो त्यांच्या गोडाऊनच्या फरशीवर घेऊ नका, तुमच्या जागेवर, सगळ्यात उभ्या तुकड्यावर, सीटा भरून घ्या, मध्यावर थांबवून परत सुटायला लावा, आणि उतरताना पेडल सोडून स्पीड किती राहतो ते बघा. जो डेमो द्यायला वर यायला तयार नाही तो सर्व्हिसलाही येणार नाही.